‘घरबसल्या’ लिहिणाऱ्या बाईकडून उत्तर

नमस्कार.

पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या निकोलाय चर्चवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ज्यांची वाचायची राहिली असेल त्यांच्यासाठी गोषवारा: बर्लिनची भिंत पडली ती सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह आणि पूर्व जर्मनीच्या रिकाम्या तिजोरीमुळे, चर्चमध्ये जमलेले निम्मेअधिक नास्तिक होते, एका गल्लीतल्या चर्चचं कौतुक देशाच्या इतिहासावर लादू नये, मोर्चातल्या गर्दीचा एक लाखाचा आकडा फुगवलेला आहे, आणि शेवटी, मी लेखात ‘साक्ष’ म्हटलं त्यावर, ‘घरबसल्या असं भाबडं लिहायला काय जातं, बाई. साक्ष कोर्टात देतात.’

आधी आकडा. ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर निघालेल्या सरकारविरोधी मोर्चात ७०,००० च्या आसपास लोक होते. गर्दी लाखापुढे गेली ती पुढच्या सोमवारी, १६ तारखेला. मी दोन सोमवार एकत्र केले. चूक माझी, दुरुस्त केली आहे. ‘फुगवलेला’ न म्हणताही ती दाखवता आली असती, पण असो.

आता ‘बाई’ आणि ‘घरबसल्या’. नऊ वर्षं लिहितेय, मतभेद पुष्कळ झाले, पण हा सूर कुणी लावला नव्हता. बरं, घरबसल्या म्हणाल तर मी त्या शहरात कामानिमित्त चौदा महिने राहिले. तिथे सोमवारी पाचची प्रार्थना अजूनही होते. कामावरून सुटले की मी जायची आणि मागच्या बाकावर बसायची. ताडाच्या झावळ्यांसारखी फुटणारी ती खांबांची टोकं आणि दाराशी ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी. मी ख्रिस्ती नाही. कुणी विचारलंही नाही.

आणि इथेच तुमचं ते नास्तिकांचं वाक्य येतं. अहो, होतेच की नास्तिक! चाळीस वर्षांच्या त्या कम्युनिस्ट राजवटीनंतर पूर्व जर्मनीत चर्चचे सभासद अल्पसंख्याकच उरले होते. शांतीसाठीची ही सोमवारची प्रार्थना १९८२ पासून चालू होती. कधीकधी बोटांवर मोजण्याइतके लोक असायचे. मग येऊ लागले ते कोण? देश सोडायचा अर्ज केला म्हणून नोकरी गेलेले. हातात बंदूक घेणार नाही म्हणणारे. नदीच्या घाणीबद्दल बोलून पोलिसांच्या नजरेत आलेले. पाळक ख्रिस्टियान फ्यूरर (हो, हिटलरचं बिरुद तेच यांचं आडनाव, बिचाऱ्यांचा इलाज नव्हता) यांनी कुणाचा बाप्तिस्मा तपासला नाही. त्यांच्या मंडळींतही कुरकुर झाली की हे लोक प्रार्थनेला नाही, देश सोडायची वाट शोधायला येतात. तरी दार बंद झालं नाही. श्रद्धा अशी कृतीतून दाखवायची, ख्रिस्ती माणूस साक्ष म्हणतो ती याला. कोर्टातलीच साक्ष तेवढी माहीत असेल तर शब्दकोशात दुसरा अर्थही सापडेल.

९ तारखेची गंमत तर ऐका. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने आपले शेकडो सभासद दुपारी दोनपासूनच चर्चमध्ये पाठवून बाक अडवले, म्हणजे बाकीच्यांना जागा राहू नये. तुमच्या हिशेबात हेही नास्तिकच. संध्याकाळपर्यंत ते तिथे बसून राहिले आणि जे वाचलं गेलं ते सगळं त्यांनी ऐकलं. फ्यूरर यांना याचा रागच नव्हता. ज्यांनी एरवी पाऊल टाकलं नसतं ते आले, याचंच त्यांना अप्रूप.

माझी घरमालकीण तेव्हा चाळिशीची. बाप्तिस्मा नाही, देवाशी देणंघेणं नाही. मुलाने अर्ज केला होता म्हणून ती जायची. ‘दुसरीकडे मोठ्याने कुठे बोलता येत होतं?’ एवढंच तिचं उत्तर. त्या दिवशी शहरभर कुजबूज होती की इस्पितळांत रक्त साठवून ठेवलंय. गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन बंदोबस्त करू, असं निमलष्करी तुकडीच्या म्होरक्याचं पत्र तीन दिवस आधी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. एकदा तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मेणबत्ती पेटवली आणि मोर्चात ती कशी धरली होती ते मला दाखवलं: एका हातात ती, दुसऱ्याचा तळवा वाकवून वाऱ्याच्या बाजूला. ‘आता दगड उचल बघू.’ फ्यूरर यांचंही हेच म्हणणं असे. तिच्या कोटाच्या बाहीवर मेण सांडलं होतं, ते तिने दुसऱ्या दिवशी कागद ठेवून इस्त्रीने काढलं. डाग पूर्ण गेला नाही. तो कोट मी पाहिलाय. तुम्ही?

‘एका गल्लीतल्या’ म्हणालात. त्याच संध्याकाळी आरम राडोम्स्की आणि झीगबर्ट शेफ्के हे दोघे तरुण शहरातल्याच दुसऱ्या एका चर्चच्या मनोऱ्यावर कॅमेरा घेऊन लपले होते. ती चित्रफीत चोरून पश्चिम जर्मनीत गेली आणि दुसऱ्या रात्री तिथल्या टीव्हीवर दिसली. टिपणारे कोण ते लपवायला टीव्हीवर सांगताना म्हटलं, इटालियन चमूने टिपलंय. पूर्वेत घरोघर पश्चिमेचे कार्यक्रम बघत, त्यांनी पाहिलं की ७०,००० लोक चालले आणि गोळी सुटली नाही. पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर १८ तारखेला पायउतार झाले. गल्ली बरीच लांब निघाली म्हणायची.

गोर्बाचेव्ह आणि तिजोरीबद्दल: कारणं अनेक असतात, हे मीही जाणते. लेख त्यावर नव्हता.

आकडा दुरुस्त केलाय आणि खाली तशी टीपही टाकलीय. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. ‘घरबसल्या’ मागे घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.