कागदामागे लिहिलेला ‘दिवस ४’

आज सकाळी एका मैत्रिणीने रंगांचं अख्खं खोकं माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "घेऊन जा, कुणा मुलाला दे. माझ्यात ते नाहीच." आत चोवीस ट्यूब, त्यातल्या तीनच उघडलेल्या. दोन ब्रश, दोन्हींची टोकं एका बाजूला वाकलेली. आणि पातळ कागदाची एक वही. पहिली तीन पानं फाडलेली, त्यांच्या कडा शिवणीत अडकून राहिलेल्या. चौथ्या पानावर खिडकीतली कुंडी. पान उलटलं तर मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: दिवस ४.

तीस दिवसांचं चॅलेंज होतं म्हणे. स्क्रीनपासून लांब राहण्याचं. आणि होतं कुठे, तर फोनवर. रोज रात्री नोटिफिकेशन येणार, चित्र काढून त्याचा फोटो टाकायचा, मग हिरवी खूण मिळणार. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा शून्यावर. तिचा पाचवा दिवस चुकला आणि तिने खोकं बंद केलं.

सकाळपासून हे डोक्यातून जात नाहीये. लिहून टाकते, लांब होणार आहे.

रोज थोडा वेळ हाताला काही करायला मिळावं, डोळ्यांना आणि डोक्याला शांतता मिळावी, हे इथे कुणाला पटवून द्यायची गरज नाही. आपल्यात ते ठरलेलंच आहे. माझा राग वेगळाच आहे. हे सुटलं की माणूस स्वतःला दोष देतो. माझ्यात चिकाटी नाही, माझा हात चांगला नाही, मला वेळच नाही. जवळ जाऊन बघावं तर दोष कागदाचा असतो, सुईचा असतो, नाहीतर सामान कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवल्याचा असतो. हे तिला कुणी सांगितलंच नाही. हिरवी खूण देणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

आता ती कुंडी बघा. कागद लाटांसारखा वर-खाली झालाय. का? तो साध्या छपाईच्या कागदाएवढा पातळ आहे, ८०-९० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). पाणी लागलं की कागदाचे तंतू फुगतात. ओला भाग पसरतो, कोरडा भाग तिथेच राहतो आणि मधे डोंगर-दऱ्या तयार होतात. मग रंग दरीत साचतो आणि डोंगरावरून ओघळतो. अशा कागदावर कसलेल्या माणसालाही सपाट आकाश रंगवता येणार नाही. जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद लागतो. महाग वाटतो, मान्य, पण ए-४ आकाराच्या एका कागदाचे चार तुकडे करा, चार दिवस निघतात. तळहाताएवढ्या चित्राला अर्धा तास पुरतो, मोठ्या कागदाला पुरत नाही. तुकडा एखाद्या कडक फळीवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. रंगवून झालं की पूर्ण वाळल्याशिवाय टेप काढू नका, ओलसर कागद सोलून निघतो. टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेने, कागदाला जवळजवळ आडवी ठेवून सावकाश ओढा.

तिच्या आकाशात आणखी एक गोष्ट आहे. मधोमध फुलकोबीसारखा एक डाग, कडेला गडद किनार. तिला वाटलं, हात थरथरला. अजिबात नाही. रंग अर्धवट वाळलेला असताना तिने तिथे पुन्हा ओला ब्रश टेकवला. जास्त पाणी कमी पाण्याकडे धावतं, जाताना रंगाचे कण ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे किनार सोडतं. यावर उपाय सोपा आहे. कागद तिरका धरून उजेडात बघायचा. चकाकी असेपर्यंत हात घालायला हरकत नाही. चकाकी गेली की ब्रश खाली. मग बोटाची मागची बाजू कागदाला हलकेच लावायची. गार लागला तर अजून ओल आहे. गार लागेनासा झाला की पुढचा थर द्यायचा.

हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं होतं हो! तिने तीन पानं फाडली त्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि चोवीस रंग कशाला? पिवळा, लाल, निळा, एवढे तीन बास. चोवीस ट्यूब समोर असल्या की पहिली दहा मिनिटं निवडण्यातच जातात आणि चार-पाच रंग एकमेकांत मिसळले की मातकट चिखल होतो. एका वेळी दोनच मिसळायचे. वाटाण्याएवढा रंग ताटलीत काढायचा. उरला तर धुऊन टाकायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. जलरंगात डिंक असतो, दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने तो पुन्हा विरघळतो. पाण्याची भांडी दोन ठेवायची. एकात ब्रश धुवायचा, दुसरं स्वच्छ, रंगात पाणी घालायला. एकच भांडं ठेवलं की पिवळ्यात कायम काळपटपणा उतरतो. आणि ब्रश पाण्यात उभा करून विसरायचा नाही. टोक वाकतं, आणि धातूच्या पट्टीत पाणी शिरून केस धरून ठेवणारा गोंद सुटतो. तिच्या दोन्ही ब्रशांचं हेच झालंय.

इतकं सगळं चुकीचं हाताशी असताना तिने ती कुंडी काढली. कुंडीच्या काठाखालची सावली तिने एकाच फटकाऱ्यात दिलीय, डावीकडून उजवीकडे, मधे कुठेही न थांबता. मी वर्षानुवर्षं शिकवते आहे, तो फटकारा आपोआप येत नाही. आणि ही बाई म्हणते, माझ्यात नाहीच.

रंग सोडा. ज्यांना पाणी, भांडी, फळी हा पसारा नको त्यांच्यासाठी पेन्सिल आहे. २बी किंवा ४बी घ्या. एचबी फिकट उमटते, मग माणूस दाबून काढतो आणि कागदाला खाचा पडतात. आपलाच दुसरा हात समोर ठेवा आणि त्याच्या कडेवरून नजर मुंगीच्या वेगाने चालू द्या. नजर जिथे, पेन्सिल तिथे. कागदाकडे बघायचं नाही. पाच मिनिटांनी जे उमटेल ते वेडंवाकडं असणारच, या सरावाचा उद्देश चित्र नसतोच. नजर एका जागी ठरायला लागते, एवढंच हवं. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. जवळ असलं की दर रेघेला हात तिकडे जातो.

क्रोशाचंही हेच रडगाणं ऐकते. "माझी पट्टी त्रिकोणी होते." होणारच, कारण प्रत्येक ओळीत पहिला किंवा शेवटचा टाका सुटतोय. हलक्या रंगाची मध्यम जाडीची लोकर घ्या, काळी किंवा गडद निळी नको, तिच्यात टाके दिसतच नाहीत. सुई ४ मिलिमीटरची. २१ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (क्रोशाचा साधा, आखूड टाका), असे २० मुके खांब. उलटवा, एक साखळी, आणि अगदी पहिल्याच टाक्यात सुई घाला. तो टाका साखळीला चिकटलेला असतो, नजरेतून निसटतो, आणि इथेच सगळे चुकतात. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. ओळ संपली की मोजा, २० भरले पाहिजेत. १९ आले तर ती ओळ उसवा, पुढे रेटू नका. सुरुवातीच्या साखळ्या आवळल्या जात असतील तर फक्त तेवढ्यासाठी ४.५ची सुई वापरा.

भरतकाम करणाऱ्यांना एकच सांगते: दोरा लांब घेऊ नका. ४५ सेंटिमीटर पुरे. उठायला नको म्हणून मीटरभर दोरा ओवतात, मग तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, त्याला लव सुटते, गाठी पडतात आणि सगळी संध्याकाळ गाठी सोडवण्यात जाते. सहा पदरांतले दोनच पदर वापरा, ते एकेक करून ओढून काढा आणि मग एकत्र करा, म्हणजे गुंता होत नाही. उठताना कापड रिंगमधून काढून ठेवा, नाहीतर गोल वळ पडतो आणि तो जाता जात नाही.

आता कुणीतरी म्हणेलच की हे सगळं फोनवर व्हिडिओ बघून शिकता येतं. येतं. नाकारत नाही. पण व्हिडिओ आदल्या दिवशी बघा, पायऱ्या आपल्या अक्षरात कागदावर उतरवून घ्या आणि बसताना तो कागद समोर ठेवा. समोर फोन उभा करून क्रोशा करायला बसलात तर तिसऱ्या ओळीत कुणाचातरी मेसेज येणार आणि १९ टाके होणार.

फोनचं बोलतेच आहे तर तेही. पालथा घालून टेबलावर ठेवणं म्हणजे लांब ठेवणं नव्हे, तो दुसऱ्या खोलीत गेला पाहिजे. वेळ लावायला साधं गजराचं घड्याळ घ्या. 'टायमरपुरता' फोन उचलला की तो परत खाली ठेवला जात नाही. आणि पहिली सात-आठ मिनिटं जीव अगदी तगमगेल, हात फोनच्या दिशेने जाईल, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. यात तुमचं काही बिघडलेलं नाही. दर थोड्या वेळाने काहीतरी नवं बघायची सवय लागलेली असते, ते मिळालं नाही की मन धावाधाव करतं. ती मिनिटं नुसती बसून काढा. बहुतेक जण नेमके तिथेच उठतात.

सामान कायम उघडं आणि हाताशी ठेवा. एका ट्रेमध्ये कागद, तीन रंग, एक ब्रश, फडकं. बसायच्या आधी पाच मिनिटं शोधाशोध करावी लागली की त्या दिवशी बसणं होत नाही. उठताना काम मुद्दाम अर्धवट सोडा, ओळीच्या मधे, पानाच्या मधे. दुसऱ्या दिवशी 'आज काय करू' हा प्रश्नच उरत नाही, सुई जिथे अडकलीय तिथून सुरू.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना अर्ध्या तासाचं प्रवचन देणं चूक आहे, हे मला कळतं. त्यांच्यासाठी दहा मिनिटं, आणि त्यात काही बनवायचीही गरज नाही. जमिनीवर चटई टाका, पाठीवर पडा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे कंबरेवरचा ताण उतरतो. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल. श्वास सहज घ्या, सोडताना थोडा जास्त वेळ लावा, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. फार खोल, फार जोरात घेऊ नका, गरगरतं. झोप लागेल असं वाटत असेल तर गजर २० मिनिटांचा लावा, त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठताना डोकं जड होतं. तेवढंही जमलं नाही तर खिडकीशी उभं राहून लांबच्या झाडाकडे बघत राहा. जवळचं बघताना डोळ्यातले स्नायू आवळलेले असतात, लांब बघितलं की ते सैल पडतात. स्क्रीनकडे बघताना पापण्याही कमी मिटतात, म्हणून तर डोळे चुरचुरतात.

इतकं टाइप केल्यावर राग थोडा निवळलाय. त्या ॲपवाल्यांवरचा नाही निवळला. एक दिवस चुकला की शून्य, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याने कधी हातात सुई धरली नसावी. क्रोशात एक ओळ उसवली तर मागच्या ओळी जागच्या जागी राहतात. चार दिवस बसलेला हात पाचव्या दिवशी रिकामा राहिला म्हणून चार दिवसांपूर्वीचा होत नाही. मला तिला सकाळीच हे म्हणायचं होतं, पण ती दारात उभी होती, घाईत होती आणि मी खोकं घेऊन मुकाट घरी आले. तेच आता खुपतंय.

तर मी ते खोकं कुणाला देणार नाहीये. दुपारी दोन्ही ब्रश गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, काही सेकंद बुडवले. टोकं पुष्कळशी सरळ झाली. साबणाचा हात देऊन, बोटांनी टोक जुळवून आडवे वाळत ठेवलेत. पिवळा, लाल आणि निळा तेवढे वर ठेवले, बाकीच्या एकवीस ट्यूब पिशवीत बांधून तळाशी. ३०० जीएसएमच्या कागदाचे आठ तुकडे कापून घातले. आणि ती कुंडी वहीतून अलगद सोडवली, पालथी घालून पाठीवरून ओला स्पंज जेमतेम फिरवला, कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचा ढीग रचला. रात्रभर राहिली की सकाळी सपाट होईल.

स्पंज फिरवताना ‘दिवस ४’ समोर आलं. खोडून टाकणार होते. मग वाटलं, ते तिचं आहे. खोडलं नाही, खोडरबर खोक्यात टाकलंय. उद्या सकाळी तिच्या दारात नेऊन देते.