बटण दाबून जहाज होत नाही, आबा

नमस्कार आबा,

जहाजाची छोटी लाकडी प्रतिकृती संगणकाच्या मदतीने करण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संगणकावर आखलेल्या आणि लेझरने कापलेल्या जहाजात हाताचं काम उरतं कुठे? बटण दाबलं की सांगाडा तयार. शिवाय आपल्या खानदेशात नजरेचे सुतार असताना मी पडद्यासमोर कशाला बसतो?

दुसरा मुद्दा आधी मान्य करतो. चोपड्याच्या ज्या सुतारबाबांनी मला रंधा धरायला शिकवलं, त्यांच्याबद्दल मागच्या लेखात एक ओळही नव्हती. ती हवी होती.

बटणाचं मात्र पटत नाही. मी जिची प्रतिकृती करतोय ती ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली, आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला उभी असलेली युद्धनौका. तोफांच्या मजल्यावर तिची लांबी सुमारे १५० फूट, रुंदी ४० फूट. १:९६ प्रमाणात ती साधारण ४८ सेंटिमीटर लांब आणि पावणेतेरा सेंटिमीटर रुंद होते. अशा जहाजाचा आराखडा तीन बाजूंनी काढलेला असतो: बाजूने, वरून आणि समोरून. जुना कागद उभा-आडवा सारखा आकसत नाही, त्यामुळे स्कॅन केलेल्या नकाशात एकाच बिंदूची उंची दोन ठिकाणी दोन निघते. खरी कुठली, हे फ्रीकॅड, म्हणजे मी आखणीला वापरतो तो संगणकातला प्रोग्राम, सांगत नाही. ते मलाच ठरवावं लागतं.

पुढची गंमत वक्ररेषेत आहे, आणि ती तुम्हाला नक्की आवडेल. संगणकातल्या या रेषेला स्प्लाइन म्हणतात. मूळ स्प्लाइन म्हणजे लवचीक लाकडी पट्टी. जहाजाचे आरेखक ती शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून ठेवत, आणि मधल्या जागेत पट्टी आपल्या मनाने वळे. पडद्यावरचे बिंदू म्हणजे तीच वजनं. जास्त वजनं ठेवली की पट्टी वेडीवाकडी वळते. मी एका पाण्याच्या रेषेवर, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या कडेवर, आधी तीसेक बिंदू दिले, तर पृष्ठभागावर लाटा उमटल्या. एकेक काढत अकरावर आलो तेव्हा रेषा श्वास घेऊ लागली. कुठला बिंदू काढायचा हे नजरेनेच ठरवलं, आबा. तीच नजर, जी तुम्ही फळीच्या कडेवरून एक डोळा मिटून लावता.

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते. पहिला सांगाडा कापून आणला आणि सुतारबाबांपुढे ठेवला. पडद्यावर तो निर्दोष होता. बाबांनी नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हात फिराईसन देख." फळी फासळीला फक्त एका कोपऱ्यावर टेकत होती. लेझर कड काटकोनात कापतो, पण नाळेकडे जहाज निमुळतं होत जातं, म्हणून तिथल्या फासळीची मागची बाजू मोठी आणि पुढची लहान हवी. मी आकार जाडीच्या मधोमध घेतला होता, त्यामुळे मागच्या कडेला लाकूड कमी पडलं. कमी पडलेलं लाकूड कानशीने वाढत नाही.

दुसऱ्या वेळी पुढच्या अर्ध्या भागात फासळीच्या मागच्या बाजूचा मोठा आकार कापून घेतला आणि पुढच्या बाजूची रेषा पेन्सिलीने तिच्यावर काढली. दोन्ही आकार संगणकाने अचूक दिले. मधला उतार कानशीने हाताने काढला, आणि दर दोन फासळ्यांनंतर बारीक पट्टी टेकवून पाहिली. एक गोष्ट जपावी लागली: या जुन्या इंग्रजी नकाशांतली रेषा फळीच्या आतली, फासळीच्या बाहेरच्या कडेची असते. चार इंच जाडीची फळी या प्रमाणात जेमतेम एक मिलिमीटर. ती जाडी चुकून आधीच वजा केली, तर जहाज दोन्हीकडून सुकतं.

म्हणून संगणक की हात, असा वाद मला खोटा वाटतो. पडद्यावर मी चूक पंधरा वेळा पुसू शकतो, लाकडावर एकदाही नाही.

आता फळ्या लावायच्या आहेत. मूळ जहाज सागाचं असलं तरी एवढ्या लहान प्रमाणात सागाचे रेषे भरड दिसतात, म्हणून हळदूचं लाकूड घ्यायचं ठरवलंय. मेच्या उन्हात ओलं लाकूड माझ्याकडे तडकेल. तुमच्याकडे सातपुड्यातल्या हळदूचा जुना, चांगला वाळलेला तुकडा असेल तर कळवा, मी घ्यायला येतो.