वाडे कोणी राखायचे?

सरदारांच्या वाड्यांवरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला की तट दोनच. एक म्हणतो, सरकारने ताब्यात घ्यावेत. दुसरा म्हणतो, वारसांची मिळकत आहे, बिल्डरला देतील नाहीतर पाडतील. पॅरिसजवळ राहताना मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटू लागली, ती मलँ गावाजवळच्या व्हो-ल-व्हिकाँतमुळे.

हा महाल निकोला फुकेने बांधला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा हा अर्थमंत्री. ल व्होने इमारत रचली, ल ब्रँने ती सजवली, ल नोत्रने बाग आखली. १७ ऑगस्ट १६६१ला राजाला इथे मेजवानी झाली आणि ५ सप्टेंबरला राजाच्या मस्केटियर दलातल्या दार्तान्याँने फुकेला नांतमध्ये अटक केली. मेजवानीमुळेच राजा चिडला असं सांगतात, पण अटकेचा बेत आधीपासून शिजत होता. न्यायाधीशांनी हद्दपारी सुनावली, राजाने ती जन्मठेप केली. १६८०मध्ये फुके पिन्येरोलच्या किल्ल्यात कैदेतच वारला. तिन्ही कलावंत राजाच्या व्हर्साय महालाच्या कामाला लागले. प्रजेच्या करातून उभं राहिलेलं हे वैभव आहे आणि ते विसरून त्याचं कौतुक करू नये, असं मला वाटतं.

पुढे महाल मार्शल व्हिलारकडे आणि १७६४मध्ये प्रालँच्या ड्यूककडे गेला. १८४७च्या सुमारास त्या घराण्याची वाताहत झाली आणि महाल ओस पडला. १८७५मध्ये लिलावात तो घेतला आल्फ्रेद सोमिए या साखर कारखानदाराने. छप्परं, कारंजी, बाग, सगळं त्याने पुन्हा उभं केलं. ज्याला सरदारकीचा वारसा नव्हता, त्याने हा वारसा वाचवला! साखरेतून श्रीमंत झालेली घराणी महाराष्ट्रातही आहेत. त्यांनी गावातल्या एकेका वाड्याकडे पाहावं असं मनापासून वाटतं.

१९६८पासून महाल लोकांसाठी खुला आहे. मालकी अजून सोमिएच्याच वंशजांकडे, दे व्होग्युए कुटुंबाकडे आहे. इथल्या कायद्याने वारसाहक्कात मुलांना डावलता येत नाही, म्हणजे वाटण्यांचा धोका इथेही आहेच. पण १९१३च्या कायद्याने संरक्षित ठरलेल्या वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि दुरुस्तीला सरकार अनुदान देऊ शकतं. वास्तू लोकांना खुली ठेवण्याचा करार केला, तर वारसाकरही माफ होतो. बंधन घातलं की त्याची भरपाईही द्यायची, हा व्यवहार मला पटतो.

आपल्याकडे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत वाड्याचं नाव लागलं की मालक धास्तावतो. त्याला घरपट्टीत खरी सूट आणि दुरुस्तीला वेळेवर पैसा द्या, बदल्यात वर्षातले ठरावीक दिवस दिंडी दरवाजा उघडा ठेवायला लावा. जुन्या भाड्यात राहणाऱ्या भाडेकरूंचं उत्तर मात्र व्हो-ल-व्हिकाँतमध्ये मिळणार नाही. त्यांना बाहेर काढून वाडा जपला, तर ते मला मान्य नाही. त्यांचा हक्क आधी लेखी ठरावा, दुरुस्तीचा आराखडा त्यानंतर.