तांब्याचा नागमोडी ट्रॅक: सेन्सर चालतो, पण 'कॅलिब्रेशन नको' हे चूक

'पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) तांब्याचा नागमोडी ट्रॅक काढा, मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा, दर अंशाला 0.393 टक्के धरा; लॅम्प चाचणीच्या (एकाच ठरावीक तापमानाला डीएनएच्या प्रती वाढवून रोगजंतू ओळखणारी चाचणी) उपकरणाला फुकटात तापमान सेन्सर मिळतो, कॅलिब्रेशन लागत नाही.' हा सल्ला बराच फिरतोय. ट्रॅकचा सेन्सर होतो, हे खरं. बाकी प्रत्येक मुद्दा तपासायला हवा, कारण तापमान चुकलं तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

'रेझिस्टन्स हिशोबाने काढता येतो.' कागदावर येतो: 18 मायक्रॉन जाडी, 0.1 मिमी रुंदी, 1 मीटर लांबी, म्हणजे 20 अंशांना साधारण 9.6 ओहम. पण एचिंगमध्ये (रसायनाने नको ते तांबं काढताना) एवढ्या बारीक ट्रॅकची रुंदी सहज इकडेतिकडे होते आणि बाहेरच्या थरावर प्लेटिंगची (वरून चढवलेल्या तांब्याची) जाडी सगळीकडे सारखी बसत नाही. जमलं तर सेन्सर आतल्या थरात घ्या, तिथे प्लेटिंग नसतं.

'0.393 टक्के धरलं की झालं.' हा आकडा 20 अंशांच्या रेझिस्टन्सवरचा आहे. 25 अंशांचं रीडिंग पाया धरून तोच वापरला, तर 65 च्या जागी 64.2 दिसतं. म्हणून बोर्ड पातळ पिशवीत हवा काढून सील करा, ढवळत्या वॉटर बाथमध्ये पीटी100 च्या (प्लॅटिनमच्या अचूक तापमान सेन्सरच्या) शेजारी ठेवा, 30 आणि 65 ला रीडिंग स्थिर झाल्यावर नोंद घ्या आणि दोन बिंदूंतून रेषा काढा. मग 50 ला पडताळा. प्रत्येक बोर्डाची रेषा वेगळी.

'मल्टिमीटर पुरतो.' इथे घोळ सगळ्यात मोठा. एका अंशाला बदल होतो जेमतेम 0.038 ओहम. दोन तारांचा 0.2 ओहम धरला गेला, तर पाच अंश जास्त दिसतात: स्क्रीनवर 65, प्रत्यक्षात 60. कॅलिब्रेशनमध्ये तारा वजा झाल्या, तरी बोर्ड काढून परत लावल्यावर कनेक्टरचा 0.05 ओहम वाढला की सव्वा अंश गेलाच. चार तारांनीच मोजा: दोन करंटच्या, दोन व्होल्टेजच्या, थेट ट्रॅकच्या टोकांपासून. 10 मिलिअँपिअर करंट पुरतो. ट्रॅकमध्ये एक मिलिवॅटच्या आसपासच उष्णता होते. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) 24 बिटांचा घ्या, त्याचा रेफरन्स त्याच करंटच्या वाटेतल्या अचूक रेझिस्टरवरून द्या. करंटची दिशा उलटवून सरासरी घेतली की जोडांवरचे थर्मोइलेक्ट्रिक व्होल्टेज (तापमानातल्या फरकाने आपोआप तयार होणारे) कटतात.

'ट्रॅकचं तापमान तेच नमुन्याचं.' एफआर4 (बोर्डाचं फायबरग्लास-इपॉक्सी) उष्णता नीट वाहू देत नाही. 1.6 मिमी बोर्डातून दर चौरस सेंमीला 0.05 वॅट जात असेल, तर दोन बाजूंत सुमारे पावणेतीन अंशांचा फरक पडतो. हीटर खालच्या थरात आणि सेन्सर नमुन्याच्या चेंबरच्या लगत ठेवा. चेंबरमध्ये नमुन्याइतकंच पाणी भरून बारीक थर्मोकपलने (दोन धातूंच्या तारांच्या तापमान सेन्सरने) उरलेला फरक मोजा.

'हीटरचाच ट्रॅक सेन्सर.' हीटर तापलेला असताना तो स्वतःचं तापमान सांगतो, द्रवाचं नाही. जागा असेल तर ट्रॅक वेगळाच काढा.