फोडणीचा धूर आणि झोपेतला धूर

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत प्रत्येक फ्लॅटमध्ये स्मोक डिटेक्टर बसवायचा ठराव आला आणि पडला. दादाने फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. "अरे, मिरचीची फोडणी दिली की बोंबलणार ते. गणपतीत धूप घातला की बोंबलणार. रोज कोण शिडी लावून बंद करत बसणार?"

दादाचं म्हणणं खोटं नाही. मी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत राहतो. पहिल्या वर्षी भाड्याच्या घरात ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या, तर पॅसेजमधला अलार्म असा किंचाळला की मी स्टुलावर उभा राहून टॉवेलने वारा घालत होतो. शेवटी बॅटरीच काढली. दोन महिने ती ड्रॉवरमध्ये लोळत होती. परदेशात राहून माणूस आपोआप शिस्तीचा होतो असं कुणी म्हटलं की मला तो ड्रॉवर आठवतो.

2017 साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसं गेली. त्यानंतर स्कॉटलंडने नियम बदलले आणि फेब्रुवारी 2022 पासून ते स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांनाही लागू झाले. बैठकीच्या खोलीत एक स्मोक अलार्म, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये एक. आणि स्वयंपाकघरात? तिथे हीट अलार्म. तो धुराकडे ढुंकूनही बघत नाही. छताजवळची हवा साधारण 58 अंशांपर्यंत तापली तरच वाजतो. फोडणी खुशाल द्या. सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे स्वयंपाकघरातला वाजला की झोपायच्या खोलीपर्यंत ऐकू येतं. बॅटरीवर चालणारे असतील तर ती सीलबंद असते, म्हणजे माझ्यासारख्यांची पळवाट बंद.

हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आपलं फायर ऑडिट होतं की!" होतं, कबूल. महाराष्ट्रात 2006 च्या कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. पण आमच्याकडे त्यात तपासतात ते पंप, होज आणि जिन्यातली लाल नळकांडी. हे सगळं आग विझवायचं सामान, आणि तेही दाराबाहेरचं. आत झोपलेल्या माणसाला उठवणारं त्यात काही नाही. झोपेत नाकाला वास कळत नाही, आणि आगीत माणसं भाजण्याआधी बहुतेकदा धुरानेच गुदमरतात. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास तळमजल्यावर आग लागली, तेव्हा वरचे लोक झोपेतच होते.

तरी इथली यादी जशीच्या तशी उचलून तिथे लावा, असं मी म्हणणार नाही. आमच्या इमारतीत मला भीती आहे ती जिन्याखालच्या मीटर रूमची. वायरिंग जुनं, शेजारी स्कूटर चार्जिंगला, वर भंगार. तिथला धूर जिन्याने चिमणीसारखा वर चढेल. पहिला अलार्म तिथे हवा, मग घरात झोपायच्या खोलीबाहेर. देवघराजवळ मुळीच नको.

आणि अलार्मने जागं केल्यावर जायचं कुठे? जिन्यात धूर भरला तर उरते खिडकी, आणि आमच्या प्रत्येक खिडकीला चोरासाठी लोखंडी ग्रिल. एका ग्रिलला छोटं दार आहे, त्याला कुलूप. त्याची किल्ली कुठे असते, असं मी दादाला विचारलं. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "थांब, आईला विचारतो."