अटकेचा कागद कळणाऱ्या भाषेत

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत द्यायची. लगेच जमलं नाही, तर रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याआधी किमान दोन तास तरी. नाहीतर अटक बेकायदा. खटला वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताचा होता, त्यामुळे बेळगावातल्या मित्रांमध्ये लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, "बड्या बापाच्या पोराची सोय केली की!" खानापूरकडचा दुसरा खूश: "आता कन्नड कागदावर सही मारायला नको. जिंकलो."

पहिल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. चांगला वकील परवडणाऱ्याच्याच खटल्यातून असे निकाल निघतात, फायदा मात्र सगळ्यांना होतो. दुसऱ्याचं "जिंकलो" मला जास्त खटकलं. कुणाविरुद्ध जिंकलो?

1962 चा हरिकिसन खटला बघा. सरकारने एका माणसाला स्थानबद्ध केलं आणि कारणं इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने हिंदीत मागितली, ती नाकारली गेली. कारभाराची भाषा इंग्रजी आहे, हा सरकारी बचाव. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून स्थानबद्धताच रद्द केली. ते सरकार कर्नाटकाचं नव्हतं हो, महाराष्ट्राचं होतं. बेंगळुरूकडून आज राज्यभाषेच्या नावाने जे ऐकतो, तेच तेव्हा मुंबईकडून नागरिकाला ऐकवलं जात होतं.

म्हणून या निकालाला सीमाप्रश्नाच्या खात्यात घालू नये असं मला वाटतं. सीमाभागाचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, अजून पडून आहे. पोलीस स्टेशनात बसवलेल्या पोराला तेवढी सवड नसते. आणि खरी गरज सीमालढ्याच्या कार्यकर्त्यांना कमीच. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं अधिवेशन भरलं की मराठी भाषकांच्या महामेळाव्याला परवानगी नाही, जमावबंदी, नेते गाडीत, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सुटका. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायची वेळच येत नाही, तो त्यांचं तोंडही बघत नाही. (ही युक्तीच आहे, आणि नव्या निकालाने ती थांबणार नाही.) त्यांना कन्नड येतं, वकीलही ओळखीचे असतात. कागद हवा आहे तो जांबोटीकडच्या, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या, गाडीचोरीच्या संशयात उचललेल्या ड्रायव्हरला. तसाच सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या मजुराला, कन्नडमध्ये. हे दुसरं वाक्य आपल्याकडे कुणी सहसा उच्चारत नाही.

मी बर्मिंगहॅमला राहतो. इथे लेखी राज्यघटनाच नाही. 1984 चा एक पोलीस कायदा आहे. त्यानुसार अटक झालेल्याचा ताबा तपासापासून वेगळ्या असलेल्या एका सार्जंटकडे जातो. हक्कांचा कागद अनेक भाषांत तयार असतो, दुभाषा आणि वकील फुकट, जबानी रेकॉर्ड होते. साधारण मुदत चोवीस तास. गंभीर गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने शहाण्णव तासांपर्यंत.

पण इथलं सगळंच सोनं नाही. 1994 पासून इंग्लंडमध्ये आरोपी चौकशीत गप्प बसला तर ते त्याच्याविरुद्ध धरता येतं. आपल्याकडे घटनेचं कलम 20(3) आहे, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही; त्याच आधारावर 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात संमतीशिवाय नार्को चाचणी घटनाबाह्य ठरली. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कोर्टात सहसा पुरावा होत नाही. ती तरतूद इंग्रजांनीच 1872 च्या पुरावा कायद्यात घातली, त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र असा जबाब चालतो. कागदावर आपण पुढे आहोत.

मागे पडतो ते त्या सार्जंटपाशी. आपल्याकडे उचलणारा, कारणं लिहिणारा आणि सही घेणारा बहुधा एकाच स्टेशनातला, एकाच साहेबाच्या हाताखालचा. सगळ्या पोलीस स्टेशनांत आवाजासह सीसीटीव्ही बसवा, असं न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं, तेही याच अविश्वासातून.

मागायचंच तर हे मागा: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या स्टेशनांत अटकेच्या कागदाचे मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषांतले नमुने, आणि अनुवाद तपासून सही करणारा, तपासाशी संबंध नसलेला अधिकारी. अर्जाची एक प्रत सांगलीलाही पाठवा, जतसाठी. मसुदा करायला मी बसतो. कन्नड प्रत मात्र तिथल्याच कुणी कन्नड वकिलाने तपासायला हवी.