ई-२ व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही

‘एक लाख डॉलर गुंतवा, ई-२ व्हिसावर अमेरिकेत दुकान थाटा’ हे अमेरिकेत धंदा सुरू करण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. ई-२ हा अमेरिकेत धंद्यात पैसे गुंतवणाऱ्यांचा व्हिसा; तो फक्त अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो आणि भारताचा तसा करार नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंकेचा आहे. करार असलेल्या ग्रेनाडा या कॅरिबियन देशाचं नागरिकत्व विकत घेऊन ई-२ काढायची पळवाटही डिसेंबर २०२२च्या कायद्याने अरुंद केली: असं नागरिकत्व घेणाऱ्याला आधी सलग तीन वर्षं त्या देशात वास्तव्य दाखवावं लागतं. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत आणि लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकते. नवरा किंवा बायको कॅनडाची नागरिक असेल, तर मात्र अर्ज तिच्या नावे करता येतो. जोडीदार भारतीय पासपोर्टवर सोबत जातो, कामही करू शकतो.

इथे भारतात चालू धंदा असलेल्यांसाठी खरा मार्ग एल-१ए, म्हणजे आपल्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेत व्यवस्थापक म्हणून जाण्याचा व्हिसा; त्याचा लेखात उल्लेखच नाही. गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग भारतातल्या कंपनीत व्यवस्थापक म्हणून काम केलेलं हवं, तिकडची कंपनी मालकीने इकडच्या कंपनीशी जोडलेली हवी आणि तिथल्या ऑफिसची जागा अर्जाआधीच घेतलेली हवी. नव्या ऑफिसला पहिली मंजुरी एकच वर्षाची. गाडी अडते ती मुदतवाढीला: मालक स्वतःच गल्ल्यावर बसतो, हाताखाली माणसं नाहीत, मग त्याला व्यवस्थापक कोण मानणार? म्हणून पगारपत्रकावरची माणसं पहिल्या काही महिन्यांतच घ्या. आणि भारतातला धंदा बंद करू नका, तो बंद झाला की एल-१एचा आधारच जातो.